सरकारी कार्यालयांतले सर्व्हर एकत्र करून क्लाउडवर नेले तर खरंच पैसे वाचतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: विभागाच्या तीन कार्यालयांत मिळून 19 सर्व्हर आहेत, ते सगळे एका ठिकाणी, क्लाउडवर (म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या यंत्रांवर) हलवायचा प्रस्ताव आलाय, सल्लागार 40 टक्के खर्च वाचेल म्हणतोय, ते खरं का? आणि खासगी क्लाउड घ्यावा की सरकारी डेटा सेंटर?

पैसे वाचतात. पण हलवल्याने वाचत नाहीत, बंद केल्याने वाचतात. सरकारी कार्यालयात हलवायला दहा जण पुढे येतात, बंद करायच्या कागदावर सही करायला एक येत नाही. ऐकीव सांगत नाही. पुण्यातल्या एका संचालनालयाच्या सर्व्हर रूममध्ये मी अकरा वर्षं काढली, कंत्राटदाराच्या पगारावर आणि सरकारच्या खुर्चीवर. कार्यालयाचं नाव लिहिणार नाही. ज्यांनी तिथे काम केलंय ते बादलीपर्यंत आले की ओळखतील, त्यांनी कृपया गप्प बसावं.

ती खोली पूर्वी अभिलेख कक्ष होती. बारा बाय चौदा, एका भिंतीला अजून लोखंडी मांडण्या. त्यात 11 सर्व्हर, एक टेप ड्राइव्ह (टेप आत अडकलेली, मी रुजू व्हायच्या आधीपासून), आणि दोन स्प्लिट एसी. एसी आलटून पालटून चालवायचे अशी मूळ योजना. प्रत्यक्षात दोन्ही कायम चालू, कारण एक बंद केला की अर्ध्या तासात खोली भट्टी. डावीकडच्या एसीचं पाणी नेमकं रॅकच्या कडेला ठिबकायचं, म्हणून खाली निळी बादली. ती बादली आमचे शिपाई मामा दिवसातून दोनदा रिकामी करायचे. शनिवारी-रविवारी कोण करणार? मामाच. घर जवळ होतं म्हणून. त्या अकरा वर्षांत खोलीची सर्वांत महत्त्वाची सेवा कोणती असेल तर ती मामांची, आणि ती कुठल्याच खर्चाच्या तक्त्यात नव्हती.

गुरुवारचं वेगळं सांगायला नको. पुण्यात देखभालीसाठी वीज जायची ती गुरुवारी. यूपीएस पंचवीस मिनिटं खेचायचा, तेवढ्यात जनरेटर लावायचा, आणि जनरेटरच्या डिझेलचं बिल मंजूर व्हायला तीन महिने.

मी एकदा कुतूहल म्हणून इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटर आणला आणि मोजलं. सर्व्हर, स्विच, स्टोरेज मिळून पाचेक किलोवॅट. ते थंड ठेवायला आणि यूपीएसच्या नुकसानीत आणखी तेवढेच. म्हणजे 10 किलोवॅट, चोवीस तास, वर्षाचे 8,760 तास: 87,600 युनिट. युनिटला दहा रुपये धरा, पावणेनऊ लाख. आणि ही वीज खाऊन ती यंत्रं करत काय होती? महिन्याचे पहिले पाच दिवस सोडले तर प्रोसेसरचा वापर सरासरी सात टक्क्यांच्या वर जात नव्हता. अकरा जणांचं काम दोन यंत्रांत आरामात मावलं असतं. त्यातले चार सर्व्हर तर कशासाठी आहेत हे सांगू शकणारा माणूस कार्यालयात उरलाच नव्हता.

हे आकडे घेऊन मी उत्साहाने साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे सहसंचालक, माणूस वाईट नाही, पण अकाउंट्समधून वर आलेला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न मला आजही त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशार प्रश्न वाटतो. म्हणाले, "वीजबिल कोण भरतं?" इमारतीला एकच मीटर, सहा कार्यालयं, बिलाची वाटणी चटईक्षेत्रावर. आमची खोली बंद झाली तर वाचलेल्या पैशांतला मोठा वाटा बाकीच्या पाच कार्यालयांना मिळणार. क्लाउडचं बिल मात्र पूर्ण आमच्या लेखाशीर्षातून जाणार. म्हणजे सरकारचा खर्च कमी, आमच्या कार्यालयाचा खर्च जास्त. वर लेखापरीक्षकाच्या आक्षेपाचा परिच्छेद येणार तो आमच्यावरच. हा मुद्दा तुमच्या सल्लागाराच्या 40 टक्क्यांत कुठे आहे ते आधी विचारा. सर्व्हर विकत घेतला की तो एकदाच, भांडवली खर्चात, मार्चमध्ये अनुदान व्यपगत (लॅप्स) व्हायच्या आत. क्लाउडचं बिल दर महिन्याला, एप्रिलमध्येही, जेव्हा अनुदान हातात आलेलं नसतं.

साहेबांनी माझा कागद ठेवून घेतला. पुढे वर्षभराने, 2018 च्या सुरुवातीला, वरून आदेश आला की सगळ्यांनी क्लाउडवर जायचं. केंद्राचं मेघराज हे सरकारी क्लाउडचं धोरण 2014 पासून होतंच, आणि 2018 च्या जानेवारीत महाराष्ट्रानेही सार्वजनिक क्लाउडचं धोरण आणलं. मग सल्लागार आला. आकाशी शर्ट, गळ्यात पट्टा, आणि सादरीकरणाच्या शेवटच्या पानावर मोठ्या हिरव्या अक्षरात बचतीचा आकडा. त्याची पद्धत सोपी होती: जे आहे ते जसंच्या तसं उचलायचं. आमचा सर्व्हर 16 कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग), तर तिकडेही 16 कोअरचं आभासी यंत्र, म्हणजे मोठ्या यंत्रातला तेवढा भाड्याचा तुकडा. मी म्हटलं, अहो, हा सात टक्के वापरतोय, 4 कोअर पुरतील, लागले तर वाढवू. तो म्हणाला, "रिस्क नको." रिस्क कुणाची? इथे 16 कोअर पडून राहिले तर त्यांचे पैसे एकदाच गेलेले असतात. तिकडे पडून राहिले तर दर महिन्याला भाडं. शिवाय बॅकअपचे वेगळे, डेटा बाहेर काढायचे वेगळे, दुसऱ्या शहरातल्या प्रतीचे वेगळे. आणि कोअरवर मोजला जाणारा डेटाबेसचा परवाना असेल तर तोही त्याच मापाने फुगतो.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. अमेरिकेत 2010 मध्ये विवेक कुंद्रा केंद्र सरकारचे मुख्य माहिती अधिकारी, म्हणजे सरकारी संगणक कारभाराचे प्रमुख, असताना त्यांनी सरकारी डेटा सेंटर कमी करायची मोहीम काढली. 1998 मध्ये 432 होती, 2009 पर्यंत 1,100 झाली म्हणून ओरड होती. मोजायला बसले तर 2,000 च्या वर निघाली. मग 500 चौरस फुटांपेक्षा लहान खोल्याही धरायचं ठरलं आणि काही वर्षांत आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. बंद करता करता वाढली! कारण तिथेही जिन्याखाली, कपाटामागे आमच्यासारख्याच बारा बाय चौदाच्या खोल्या. तेव्हा तुमचे ते 19 सर्व्हर, ते कुणी मोजलेत? ईमेलवर तक्ता पाठवून मागवलेत की कुणी पायी फिरून बघितलंय?

आमच्याकडे तक्ता ईमेलवर गेला होता. सगळ्या शाखांनी "निरंक" भरून पाठवला. मी साहेबांना म्हटलं, स्थलांतराआधी दोन आठवडे रोज संध्याकाळी एकेक सर्व्हरची नेटवर्कची केबल तासभर काढून ठेवू. जो बोंब मारत येईल तो त्या सर्व्हरचा खरा मालक. आम्ही तंत्रज्ञ मंडळी याला बोंबचाचणी म्हणायचो. याहून स्वस्त आणि खात्रीची यादी करायची पद्धत मला आजतागायत सापडलेली नाही. उत्तर आलं, अधिवेशन चालू आहे, सेवा एक मिनिटही बंद ठेवता येणार नाही. त्या वर्षी पावसाळी अधिवेशनही नागपुरात होतं, सगळे आधीच घायकुतीला आलेले. ठीक आहे. मी टिप्पणी लिहून दिली आणि आवक क्रमांक टाकून घेतला. तिची झेरॉक्स माझ्या घरी आहे. बायको म्हणते, फ्रेम करून लाव.

स्थलांतर ठरलं गणपतीत. 2018 ला अनंत चतुर्दशी रविवारी आली होती आणि आदल्या दिवशी चौथा शनिवार. सलग दोन दिवस कार्यालय रिकामं, याहून चांगला मुहूर्त नाही, असं मुंबईत बसलेल्या कुणाला तरी वाटलं. आमची लाइन होती 4 एमबीपीएसची. त्या वेगाने एक टेराबाइट जायला तेवीस दिवस लागतात, गुणाकार करून बघा. म्हणून शुक्रवारी रात्री मी शिवनेरीत मांडीवर दोन हार्ड डिस्क घेऊन नवी मुंबईला गेलो, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. शनिवारी परत. उरलेला फरक रविवारी लाइनवरून. रविवारी रात्री साडेअकराला सगळं चढलं, आणि मी घरी जायला निघालो तर जाणार कुठून? लक्ष्मी, टिळक, कुमठेकर, केळकर, चारही रस्ते मिरवणुकीत आणि माझं घर त्यांच्या मधोमध. परत कार्यालयात येऊन खुर्चीवर झोपलो. पहाटे मामा बादली बघायला आले, त्यांनी चहा आणला.

सोमवारी दहाला सातारा जिल्ह्यातून फोन. "साहेब, आमचा तालुका कुठे गेला?" कऱ्हाडचं एकही नाव यादीत दिसत नव्हतं.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण मराठी डेटा हलवणाऱ्या कुठल्याही सल्लागाराला हे माहीत नसतं आणि तुम्हाला हे भोवणार आहे. आमच्या जुन्या नोंदी 1999 पासूनच्या, डीव्हीबी-टीटी योगेश फॉन्टमध्ये टाईप केलेल्या. म्हणजे पडद्यावर मराठी, डेटाबेसमध्ये मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणायला परिवर्तक (रूपांतराचा प्रोग्राम) चालवला. सगळं छान झालं, फक्त ‘ऱ्ह’ मधला तो कोयत्यासारखा र सोडून. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक, नुक्तावाला ऱ घेऊन त्याला हलन्त, दोन, साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला दोन निराळे शब्द. परिवर्तकाने कऱ्हाड पहिल्या प्रकारे लिहिला, तालुक्यांच्या मूळ यादीत तो दुसऱ्या प्रकारे होता. दोघांची गाठच पडेना. चऱ्होलीचं तेच. दुपारपर्यंत मी सगळे ऱ्ह आणि ऱ्य एकाच साच्यात आणले आणि कऱ्हाड नकाशावर परत आलं. तर, डेटा हलवून झाल्यावर नुसती नोंदींची संख्या जुळवू नका. ऱ्ह असलेली पाच गावं शोधून बघा.

हा झाला किरकोळ अपघात. खरा दिवाळीत झाला.

स्थलांतरानंतर मी लगेच लेखी विचारलं: जुने सर्व्हर बंद करू का? शेरा आला, "तूर्त दोन महिने समांतर चालू ठेवावेत." समांतर म्हणजे काय, कुणी काय ताडून बघायचं, काही नाही. असू दे, राहू दे, एवढाच अर्थ. मी चालू ठेवले.

आता, लेखा शाखेत एका टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप होता, त्यावर खडूने "बंद करू नये". कुणी लिहिलं, कधी, पत्ता नाही. शाखेने तक्त्यात निरंक भरलं होतं, कारण त्यांच्या लेखी तो सर्व्हर नव्हता, फूटस्टूल होता, बाई त्यावर पाय ठेवून बसायच्या. तो डेस्कटॉप दर महिन्याला मुख्य सर्व्हरवरून मानधनावरच्या कर्मचाऱ्यांची यादी उचलून बँकेला द्यायची फाईल बनवत होता. आणि त्याच्या प्रोग्रामात सर्व्हरचा पत्ता अंकांत कोरलेला. जुन्या सर्व्हरचा.

जुना सर्व्हर चालू, त्यामुळे त्याला कळलंच नाही की जग हललंय. तो इमाने इतबारे सप्टेंबरची गोठलेली यादी उचलत राहिला. दिवाळीच्या आधी मानधन निघालं तेव्हा नव्याने लागलेल्या 43 जणांना एक पैसा नाही आणि सोडून गेलेल्या अकरा जणांना पूर्ण. त्यातला एक ऑगस्टअखेर वारलेला होता, त्याची नोंद सप्टेंबरअखेर नव्या सर्व्हरवर झाली होती. त्याची बायको पैसे परत करायला बँकेत गेली तेव्हा हा सगळा प्रकार उघडकीस आला. जुना सर्व्हर विसर्जनाच्या रात्रीच बंद केला असता तर फाईल बनलीच नसती, पहिल्याच महिन्यात बोंब झाली असती आणि दहा मिनिटांत दुरुस्ती. चालू ठेवल्यामुळे चूक मुकाट्याने घडत राहिली.

बैठकीत मला विचारण्यात आलं, "जुना सर्व्हर चालू का ठेवला होतात?" अक्षरशः हेच. शेरा कुणाचा होता, तो माणूस टेबलाच्या पलीकडे बसून पेढा खात होता. मी टिप्पणी दाखवली. त्यावर सल्लागार म्हणाला, "पण तुमच्या यादीत तो डेस्कटॉप नव्हता." माझी यादी! कंत्राटदाराने माझा एक महिन्याचा पगार कापला आणि कार्यालयाने मला "सक्त ताकीद" दिली, जी कंत्राटी माणसाला देताच येत नाही, तरी दिली.

दोन महिन्यांनंतर तरी बंद झाले? नाही. बंद करायचे तर निर्लेखन, म्हणजे वस्तू कार्यालयाच्या नोंदीतून रीतसर काढून टाकणं, करावं लागतं. निर्लेखनाला डेडस्टॉक रजिस्टरमधला क्रमांक यंत्रावरच्या क्रमांकाशी जुळावा लागतो. 11 पैकी चार जुळेनात, त्यातल्या एकाचा मदरबोर्ड वॉरंटीत बदललेला, एकाची पाटीच उडालेली. मग ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे अधिकृत पुनर्चक्रणवाला हवा, त्याची निविदा. फाईल फिरत राहिली, एसी फिरत राहिले, वीजबिल सहा कार्यालयांत वाटलं जात राहिलं, आणि क्लाउडचं भाडं आमच्याकडून जात राहिलं. म्हणजे आधी एक खर्च होता, आता दोन. सादरीकरणातला हिरवा आकडा मात्र वार्षिक अहवालात छापून आला. 2020 मध्ये मी सोडलं. 2023 ला मामांच्या निवृत्तीला गेलो होतो, तर बादली तिथेच.

साहेब मध्यंतरी एरंडवण्यात एका लग्नात भेटले. मठ्ठ्याचा पेला हातात. म्हणाले, "काहीही म्हण, पैसे वाचले रे त्या प्रकल्पात." मी म्हटलं, साहेब, बंद काय केलं? म्हणाले, "तू अजून तिथेच आहेस." हो, आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, खासगी की सरकारी. एनआयसीची (केंद्र सरकारची संगणक सेवा देणारी संस्था) राष्ट्रीय डेटा सेंटर दिल्ली, हैदराबाद, भुवनेश्वरला आहेत आणि आपल्या पुण्यातही 2010 पासून आहे. राज्याचं स्वतःचं केंद्र आहे. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने पारखलेले खासगी पुरवठादारही आहेत. प्रामाणिकपणे सांगतो, तुमच्या 19 यंत्रांसाठी यात फार फरक पडत नाही. सरकारी ठिकाणी जागा मिळायला वेळ लागतो, खासगीत बिल समजायला वेळ लागतो. माझा कल सरकारीकडे, कारण तिथे एप्रिलचं बिल थकलं म्हणून धाकधूक नसते. पण ज्याच्याकडे वापर बघून कोअर कमी करून घेता येतात तोच घ्या, नाव कुठलंही असो. आणि लाइन आधी वाढवा. सर्व्हर शेजारच्या खोलीत असताना स्कॅन केलेली फाईल क्षणात उघडायची. तो गेल्यावर सकाळी साडेदहाला सगळं कार्यालय एकदम त्याच 4 एमबीपीएसवर लटकतं आणि शिव्या क्लाउडला बसतात.

एक गोष्ट मी वर मुद्दाम लिहिली नाही, कारण ती माझ्याच बाजूच्या विरोधात जाते. सगळं एका छताखाली आणणं धोक्याचंही आहे. दक्षिण कोरियात 26 सप्टेंबर 2025 ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि 709 सरकारी प्रणाली बंद पडल्या. कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची जी-ड्राइव्ह, 858 टेराबाइट, जळून गेली. तिची बाहेर दुसरी प्रतच नव्हती. आमची बादलीची खोली जळाली असती तर एक संचालनालय रडलं असतं, बस. म्हणून दुसऱ्या शहरातली प्रत हा खर्च वाचवायचा नाही, आणि तो धरला की 40 टक्क्यांतले बरेच टक्के तिथेच जातात. तसंच, ब्रॉडकॉमने 2023 च्या नोव्हेंबरात व्हीएमवेअर (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) विकत घेतलं आणि लवकरच कायमचे परवाने विकणं थांबवून वर्गणी लावली, तेव्हा ज्यांनी सगळं त्यावर एकत्र केलं होतं त्यांचे हिशेब कोलमडले. माझा अनुभव एका खोलीचा आहे हेही धरून चाला. ज्यांचे सर्व्हर खरोखर सत्तर टक्के चालतात त्यांना माझं वीजबिलाचं गणित लागू नाही.

प्रस्तावावर तुमची सही लागणार असेल तर एकच ओळ वाढवून घ्या: स्थलांतर झाल्यापासून तिसाव्या दिवशी जुनं यंत्र बंद होईल, आणि ते कोण करेल त्याचं पदनाम. निर्लेखनाची फाईल स्थलांतराच्या आधी सुरू करा, रजिस्टरचे क्रमांक आत्ताच जुळवून घ्या. मार्चमध्ये आणि गणपतीत काही हलवू नका. आणि उद्या कार्यालयात गेलात की लेखा शाखेत टेबलांखाली वाकून बघा. 19 चे किती झाले ते इथे कळवा, मग 40 टक्क्यांचं बोलू.